जागा राखीव झाल्याबद्दल

१९ एप्रिल, रविवार

राखीव! चौथ्यांदा!

अकरा वाजता फोनवर यादी आली तेव्हा मी आईबरोबर गच्चीवर कुरडया घालत होते. दोन्ही हात चिकाने भरलेले, म्हणून नाकाने स्क्रीन सरकवली. वीस नावं. मग एक रेघ. रेघेखाली दोन नावं, त्यातलं दुसरं माझं — दैवशाला सोनुने, गोलरक्षक, राखीव. नेदरलँड्सच्या दौऱ्याला दोन गोलरक्षक जाणार, झारखंडची एतवारी आणि ती हरियाणाची उंच पोरगी. मी तिसरी. म्हणजे बॅग भरून घरी बसायचं आणि कुणी जायबंदी झालं तर फोनची वाट बघायची. तीनदा बॅग भरली, तीनदा तशीच उपसली.

सत्तावीस पूर्ण झाली मला. बेंगळुरूच्या शिबिरात प्रशिक्षक मॅडमनी साफ सांगितलं होतं, पुढच्या वर्षी नव्या मुली घेणार. भारताच्या जर्सीत एक तरी सामना खेळायचा तर हाच दौरा. नाहीतर रेल्वेची नोकरी, रेल्वेचा संघ आणि जन्मभर सांगत फिरायचं — मी शिबिरात होते बरं का!

मागच्या वेळी रडले होते. या वेळी कुरडया घातल्या. एकसारख्या गोल, एकही तुटली नाही. आई म्हणाली, “आज लईच मन लावून करून राह्यली!”

दुपारी एतवारीचा फोन. “खाली दीदी, रोना मत.” हे नाव तिनेच पाडलंय. पहिल्या शिबिरात माझ्यापुढच्या बचाव करणाऱ्या मुलीला मी जीव तोडून ओरडले होते, “खाली! खाली!” म्हणजे काठी खाली कर बाई, चेंडू जमिनीलगत येतोय. ती पडली हिंदीवाली. तिला वाटलं, तिथे कुणी नाही, जागा खाली आहे, चेंडू जाऊ द्यायचा. तिने काठी उचलली आणि चेंडू सरळ माझ्या पायांमधून आत! एतवारी समोरच्या गोलमध्ये हसून हसून खाली बसली. तेव्हापासून मी सगळ्या शिबिराची खाली दीदी.

संध्याकाळी नानांनी विचारलं, “आली का यादी?”

“आली. नाव आहे.”

बापाशी खोटं नाही बोलले. पण मग पाणी प्यायला उठून का गेले?

२१ एप्रिल, मंगळवार

पेपरात आलं. आतल्या पानावर, खतांच्या जाहिरातीखाली, चार ओळी. ‘हसनाबादच्या दैवशाला सोनुने यांची भारतीय हॉकी संघात राखीव गोलरक्षक म्हणून निवड.’

चुलतभाऊ बबलू पेपर फडफडवत आला. बबलूचं चौकात मोबाइलचं दुकान, शिवाय गावातल्या सगळ्या फ्लेक्सची ऑर्डर तोच घेतो. नवीन जालन्यातून छापून आणतो. “ताई, तुझी जागा राखीव झाली अन् तू गप बसून राह्यली?”

“अरे, राखीव म्हणजे —”

“म्हाईत हाय ना! राखीव म्हंजी फिक्स!” आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा.

२२ एप्रिल, बुधवार

फ्लेक्स लागला! चौकात, वडाला टेकवून, पंधरा बाय दहा!

‘हसनाबादची वाघीण कु. दैवशाला सर्जेराव सोनुने हिची भारतीय हॉकी संघात जागा राखीव झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

जागा राखीव! हसावं की रडावं, काहीच कळेना. आणि फोटो? बबलूने फेसबुकवरून उचललेला, मी हेल्मेट घालून गोलमध्ये उभी. तोंड दिसतच नाही. खाली मात्र शुभेच्छुकांची अठरा तोंडं, एकेकाचा गॉगल बघण्यासारखा. माझं सोडून सगळ्यांचं तोंड आहे त्या फ्लेक्सवर! सगळ्यात मोठा फोटो वसंतरावांचा, त्याखाली लिहिलंय ‘सरपंच’. खरी सरपंच त्यांची बायको, दुर्गाकाकू. त्यांचं नाव कोपऱ्यात, बारीक अक्षरात, बिनफोटोचं.

बबलूला बाजूला घेऊन सांगायला गेले, तर तिथे नाना उभे होते. हात मागे बांधून, मान वर करून वाचत होते. ओठ हलत होते. वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

मी तशीच घरी आले.

२३ एप्रिल, गुरुवार

आज नऊ जणांनी पेढे मागितले. दोघांनी विमानाचं तिकीट बघायला मागितलं!

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी शाळेमागच्या मैदानावर गेले. मैदान म्हणजे पंचायतीची पडीक जागा. आम्ही दगड वेचून वेचून खेळण्याजोगी केलेली. चौदा मुली येतात सध्या. तातेराव सर सत्तरीत आले तरी शिट्टी गळ्यात घालून हजर. शाळेत पीटी शिकवायचे तेव्हा याच जागेवर त्यांनी सहा काठ्यांवर हॉकी सुरू केली. “काठी खाली!” ही माझी सवय त्यांचीच.

सरांनी पेपर नीट वाचला होता. मुली पळायला गेल्यावर म्हणाले, “राखीव म्हंजी काय, मला म्हाईत हाय दैवशाला. तू सांगती का मी सांगू?”

“मीच सांगते सर. रविवारी सत्कार ठेवलाय, तिथेच सांगते.”

“आन् ऐक,” सर म्हणाले, “ही जागा जाऊन राह्यली. वसंता इथं गाळे बांधणार हाय. एक तारखेच्या ग्रामसभेत ठराव हाय त्याचा.”

एवढा राग आला की चेंडू बाभळीत गेला. अर्धा तास काटे काढत बसले.

२६ एप्रिल, रविवार

सत्कार झाला. नाही सांगितलं! डरपोक, डरपोक, डरपोक!

बँडवाले भोकरदनहून आणलेले. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा एवढा घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या. सगळ्या फोटोंत मी दचकल्यासारखी दिसणार. वसंतरावांनी माइक घेतला. त्यांचं भाषण जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर पुढे कुणी विश्वास ठेवायचं नाही —

“राखीव म्हंजी काय? आमच्या घरची सरपंचकी राखीव. बायांसाठी! दुसऱ्या कुणाला फॉर्म भरता आला का? बिलकुल न्हाई! एस्टीत राखीव सीटवर भलताच माणूस बसला तर कंडक्टर काय करतो? सांगा सर्जेराव, तुमी अठ्ठावीस वर्षं कंडक्टर व्हते! उठवतो! तसं आपल्या दैवशालेला त्या जागेवरून अमेरिका बी उठवू शकत न्हाई!”

टाळ्याच टाळ्या! माइक माझ्या हातात आला. पहिल्या रांगेत नाना, इस्त्रीचा सदरा, वरचं बटणसुद्धा लावलेलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने येणारा चेंडू मी अंगावर घेते, पण एक वाक्य तोंडातून निघेना. “आभारी आहे,” म्हटलं आणि बसले.

जाताना तातेराव सरांनी माझा फेटा तेवढा सैल करून दिला.

२७ एप्रिल, सोमवार

हे लिहू की नको? पण इथे खोटं लिहायचं तर वही कशाला.

एतवारीचा फोन आला होता. तिला चार दिवस मळमळतंय, सकाळी सरावात दोनदा उलटी झाली. “कँटीन की दाल खराब है दीदी,” म्हणाली. मी म्हटलं, ओवा खा, लिंबूपाणी पी. आणि फोन ठेवता ठेवता मनात आलं — ती बरी झाली नाही तर?

एवढंच. एक क्षण. पण आलं!

शिबिरात हीच एतवारी माझे पाय चेपायची. तिच्या लग्नात मी तीन दिवस नाचले. राखीव माणसाचं हे सगळ्यात वाईट, त्याचं भलं व्हायला दुसऱ्याचं काहीतरी बिघडावं लागतं. लगेच पुन्हा फोन लावला आणि दहा मिनिटं औषधंच सांगत बसले. ती म्हणाली, “तू आज इतनी मीठी क्यों बोल रही है?”

२९ एप्रिल, बुधवार

दुर्गाकाकूंकडे गेले होते. त्यांनीच बोलावलं होतं. ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. वसंतराव पंचायतीत. मला बघून उठल्या आणि आतून एक नवी कोरी शाल आणली. “तिकडं थंडी असंल. घेऊन जाय. माह्या भाच्यानं काश्मीरहून आणल्ती, मी काय करू हिला हसनाबादच्या उन्हात?”

ती शाल हातात आली आणि माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं. वीस नावं, रेघ, रेघेखालची दोन. काकूंनी ऐकता ऐकता चौदा शेंगा फोडल्या.

मग विचारलं, “यादीत नाव तुहं हाय?”

“आहे.”

“कागदावर सही तुही?”

“माझी.”

“आन् जागेवर दुसरंच बसणार?”

“हो काकू.”

काकू अशा हसल्या की सुपातल्या शेंगा उडाल्या. “म्हंजी माह्यावानीच सरपंच हायेस की तू!”

मलाही हसू आवरेना. पण खरं ते सांगायलाच हवं म्हणून म्हटलं, “पण काकू, माझ्या जागी जी बसलीय ना, ती माझ्यापेक्षा चांगली खेळते.”

काकूंनी डोळे पुसले, एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. म्हणाल्या, “माह्या जागी बसलेला न्हाई.”

मग मी मैदानाचं सांगितलं. गाळ्यांचा ठराव त्यांच्याच सहीने जाणार हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. शाल परत द्यायला लागले तर हातावर चापट मारली.

१ मे, शुक्रवार

काय दिवस! क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

झेंडावंदन झालं आणि चौकात ग्रामसभा सुरू झाली. वसंतराव नेहमीप्रमाणे मधल्या खुर्चीत. ग्रामसेवकाने विषय वाचायला घेतले. तेवढ्यात दुर्गाकाकू आल्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. सरळ खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“उठा.”

वसंतरावांना वाटलं घरी काही झालं. “काय झालं? कोण आलं?”

“कुणी न्हाई आलं. उठा. जागा राखीव हाय.”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा चौक फुटला! वसंतराव लाल झाले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण रविवारचं भाषण त्यांचंच. सगळ्या गावाने ऐकलेलं. उठले. बाजूच्या बाकावर जाऊन बसले. काकू खुर्चीत बसल्या, पदर नीट केला आणि मला हाक मारली, “दैवशाला, इकडं ये. राखीव म्हंजी काय ते सांग सगळ्याला.”

सांगितलं. माइकशिवाय. चुकत चुकत, पण सगळं. मी संघात नाही. मी रेघेखाली आहे. फ्लेक्सवर लिहिलंय तसं नाही. चार वेळा असंच झालंय. सत्काराच्या दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, माझं चुकलं.

कुणीतरी विचारलं, “मंग फ्लेक्स खोटा?”

बबलू ताडकन उठला. “खोटा न्हाई! जरा जल्दी लागला!”

पुन्हा हशा. मीही हसले, आणि हसताना रडायला आलं ते सगळ्यांनी बघितलं. बघू देत.

मग काकूंनी गाळ्यांचा विषय वाचायला लावला. ग्रामसेवकाने वाचला. काकू म्हणाल्या, “त्यो खोडा. तिथं लिवा, शाळेमागची जागा पोरींच्या हॉकीसाठी राखीव. आन् राखीव म्हंजी आमचे हे म्हनत्यात तसं राखीव. दुसरं कुणी बसलं तर उठवायचं.” किती हात वर झाले, मोजलेच नाहीत! तातेराव सरांनी भर सभेत शिट्टी वाजवली.

एकच गोष्ट. मी बोलत होते तेव्हा नाना शेवटच्या रांगेत होते. सभा संपल्यावर बघितलं तर नव्हते.

२ मे, शनिवार

नाना काल संध्याकाळी जेवून लवकर झोपले. मला विचारायची हिंमत झाली नाही. आज सकाळी चहा घेऊन त्यांच्यापाशी बसले. त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून अर्धा चहा संपवला.

मग म्हणाले, “मला पहिल्या दिसापासून म्हाईत व्हतं.”

“काय?”

“तू पाणी प्यायला उठली तवाच कळलं.”

नाना म्हणाले, “अठ्ठावीस वर्षं एस्टीत काढले मी. राखीव सीट म्हंजी काय, मला शिकवती? सीटवर पाटी असती, बसतं दुसरंच. ज्याची जागा, ते बिचारं दांडी धरून उभं. लई बगितले असे.”

“मग मला बोलला का नाहीत? सगळ्यांना सांगितलं का नाही?”

“चौकात गेल्तो. फ्लेक्स बगितला.” बशी खाली ठेवली. “एवढ्या मोठ्या अक्षरात तुहं नाव. आन् त्याच्या मधात माहं. सर्जेराव. तिकिटावर बी कधी आलं न्हाई माहं नाव. म्हटलं, चुकलंय, पण ऱ्हाऊ दे.”

काल सभेतून निघून का गेलात, ते विचारलं. म्हणाले, “तू रडून राह्यली व्हती. मला बी यायला लागलं. कंडक्टरनं गाडीत रडू नये.”

नानांच्या खांद्यावर डोकं ठेवून किती वेळ बसले, माहीत नाही. आईने गार झालेला चहा नेला आणि पुन्हा गरम करून आणला. मला आता काही नको. खेळायला मिळालं तर हवंच आहे, मी काही संत नाही! पण लपवायला काही उरलं नाही, त्यामुळे अंग कसं हलकं झालंय.

६ मे, बुधवार

मैदानावर पाटी लागली. ‘ही जागा मुलींच्या हॉकीसाठी राखीव. आज्ञेवरून, सौ. दुर्गाबाई, सरपंच.’ बबलूने काकूंचा फोटो टाकलाय, गॉगलसकट! काकू म्हणतात गॉगल त्यांचा नाही. पण काढायचाही नाही म्हणतात.

बॅग अजून भरलेलीच आहे. रविवारी उपसते. शिबिराची शेवटची वैद्यकीय तपासणी आज झाली, आता काही बदल व्हायचा नाही.

९ मे, शनिवार

सकाळी एतवारीचा फोन. रडत होती की हसत होती, आधी कळेचना. डाळ बिचारी निर्दोष! तिसरा महिना लागलाय. नवरा म्हणे तपासणीचा कागद घेऊन सगळ्या शिबिरात नाचला. मीही इकडे गच्चीवर नाचले, आधी तिच्यासाठीच, देवाशपथ. मग ती म्हणाली, “खाली दीदी, अब सच में खाली है. आ जा.”

पाच मिनिटांनी मॅडमचा फोन. परवा बेंगळुरू. रेघेच्या वर!

धावत चौकात गेले. बबलू शिडी लावून चढला होता. चौकट कुणाच्या तरी लग्नाच्या फ्लेक्सला हवी होती. वरची दोरी सोडलीसुद्धा होती. नाना खाली उभे होते. त्यांना कानात सांगितलं. त्यांनी वर फ्लेक्सकडे बघितलं, मग भरल्या गाडीत द्यायचे तसा आवाज दिला —

“बबल्या! ऱ्हाऊ दे! आता बराबर हाय!”